चेंबरचा बोल्ट

डॉक्टर हे काही डॉक्टर नव्हते. चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचे ते मालक होते. पण दुकानात पांढरा कोट घालून बसायचे, समोरच्याच्या हनुवटीला बोट लावून “हं, आता खालची ओळ वाचा,” असं म्हणायचे, आणि म्हणताना आवाज इतका खाली आणायचे की माणसाला उगाचच आपलं काहीतरी गंभीर निघालंय असं वाटायचं. त्यामुळे अख्खी इमारत त्यांना डॉक्टर म्हणे. सुरुवातीला एकदोनदा त्यांनी चूक दुरुस्त केली होती. पुढे लोकांच्या प्रेमाआड येणं बरं नव्हे म्हणून सोडून दिलं.

डॉक्टरांना स्क्रूबद्दल मात्र खरोखरच अधिकार होता. जगातला सगळ्यात लहान स्क्रू माणसाच्या कानापाशी, चष्म्याच्या दांडीत असतो; आणि तो काढण्याघालण्यात त्यांची हयात गेली होती. मुंगीला बूट घालावेत इतक्या हलक्या हाताने ते तो बसवत. आता ज्याला मुंगीला बूट घालता येतात त्याला हत्तीला का घालता येऊ नयेत? हत्तीचा पाय तर दिसतोसुद्धा चांगला. हा युक्तिवाद त्यांनी शनिवारी सकाळी बायकोपुढे मांडला तेव्हा ती नववीचे गणिताचे पेपर तपासत होती.

“म्हणजे नेमकं काय करणार आहात?” तिने लाल पेन खाली न ठेवता विचारलं.

“गाडीचं तेल बदलणार. स्वतः. खालच्या तेलाच्या टाकीचा, म्हणजे चेंबरचा, बोल्ट काढायचा, जुनं तेल सोडायचं, बोल्ट लावायचा, वरून नवं ओतायचं. संपलं.”

“गॅरेज आहे ना?”

गॅरेजचं नाव काढताच डॉक्टरांचा चेहरा पडला. मागच्या खेपेला ते गाडी घेऊन गेले होते आणि इंजिनात डोकावून त्यांनी एक प्रश्न विचारला होता. अगदी साधा, अभ्यासू प्रश्न. त्यावर गॅरेजवाला म्हणाला होता, “काका, तुम्ही तिकडे खुर्चीवर बसा. पेपर वाचा.” आणि पेपर पुढे केला होता. पेपर कालचा होता. त्यातही मुलांची पुरवणी.

पण खरं कारण ते नव्हतं, आणि ते डॉक्टरांनी बायकोलाच काय, स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. रविवारी सकाळी त्यांची लेक ती गाडी घेऊन कायमची निघणार होती. ती गुरांची डॉक्टर झाली होती. घरातली खरी डॉक्टर तीच. लांब डोंगराळ भागातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात तिला नोकरी लागली होती. बैलाच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालणारी ही मुलगी घरात अजून छकुलीच होती. गाडीत तिचे कपडे, तिची पुस्तकं, तिचे गमबूट, आईने दिलेले डबे असं सगळं जाणार होतं. डॉक्टरांना वाटत होतं, बापाच्या हातचंही काहीतरी त्या गाडीत असावं. चष्मा तिला नव्हता. राहता राहिलं तेल.

“गॅरेजवाले जुनंच तेल गाळून परत घालतात,” एवढंच ते म्हणाले.

“सात वाजताच ठरवलं असतंत तर बरं होतं. छकुली आत्ताच गाडीची किल्ली घेऊन खरेदीला गेलीय. तिच्याच जुडग्यात असते ना ती.”

“तेल काढायला किल्ली कशाला लागते?” डॉक्टर हसून म्हणाले आणि पान्यांची नवी कोरी पेटी बगलेत मारून खाली गेले.

इमारतीचं पार्किंग रस्त्यापेक्षा उंचावर, पण छताखाली आणि अंधारं. तिथून एक उतार खाली बाहेरच्या लोखंडी फाटकाकडे जात होता. उजेड होता तो त्या उतारावर. गाडी तिथेच उभी होती, तोंड आत आणि पाठ फाटकाकडे करून. लेक आदल्या दिवशी सामान भरायला सोयीची म्हणून तिथे लावून ठेवून गेली होती. डॉक्टरांनी जॅक लावून पुढची चाकं विटांवर चढवली, मागच्या चाकाखाली एक दगड सारला आणि पाठीवर आडवे होऊन ते गाडीखाली शिरू लागले. डोकं गेलं. छाती गेली. मग पोट आलं. पोट आणि गाडी यांचं बराच वेळ एकमत होईना. शेवटी वयाचा मान राखून डॉक्टरांनीच माघार घेतली.

पण हार मानणाऱ्यांतले ते नव्हते. ते दुकानात गेले आणि गिऱ्हाइकं नवी फ्रेम लावून ज्यात स्वतःला न्याहाळतात तो गोल स्टँडचा आरसा घेऊन आले. आरसा गाडीखाली सरकवला, स्वतः बाहेर कुशीवर आडवे झाले, आणि काय सांगावं, आरशात बोल्ट असा लख्ख दिसला की त्यांना त्याला खालची ओळ वाचायला सांगावीशी वाटली. त्यांनी हात आत घातला, पाना बसवला. डावीकडे फिरवलं की सुटतं, उजवीकडे फिरवलं की बसतं, हे तर जगजाहीर. आरशात बघत त्यांनी पाना डावीकडे फिरवला.

बोल्ट ढिम्म.

त्यांनी दातओठ खाऊन जोर लावला. बोल्टाने दखल घेतली नाही. आयुष्यात एकाही स्क्रूने त्यांचा असा अपमान केला नव्हता.

“काय चाललंय इथं?” वरून आवाज आला. डॉक्टरांना फक्त बूट दिसले. पण इतके चकचकीत बूट इमारतीत एकाच माणसाचे होते. सोसायटीचे सेक्रेटरी. “पार्किंगमध्ये वाहनदुरुस्तीला मनाई आहे. नियम आहे.”

“ही दुरुस्ती नाही,” डॉक्टर गाडीखालून म्हणाले. “बिघडलेलं नीट करणं म्हणजे दुरुस्ती. ही गाडी बिघडलेली नाही. आणि हे पार्किंग नाही, उतार आहे.”

सेक्रेटरी नियमाचे पक्के होते, पण नियमात उतार हा शब्द नव्हता हे त्यांना आठवलं आणि ते विचारात पडले. ती संधी साधून डॉक्टर म्हणाले, “जरा पाना धरता का? तुमच्या मनगटात जोर आहे.”

स्तुती ही अशी गोष्ट आहे की ती नियमाच्या कुठल्याही कलमात बसते. सेक्रेटरींनी बाह्या सरसावल्या. त्या दिवशी संध्याकाळी त्यांचा निवृत्त हिशेबनिसांच्या मंडळातर्फे सत्कार होता, त्यामुळे तसेही ते सकाळपासून अंगात बारा हत्तींचं बळ घेऊन हिंडत होते. त्यांनीही आरशात पाहिलं, डावीकडे जोर लावला. बोल्ट होता तिथेच.

एवढ्यात तळमजल्यावरचे प्रोफेसर आले. त्यांनी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर ते कुणालाही शिकवत असत. “जोर हा अडाण्यांचा उपाय,” ते खाली वाकून म्हणाले. “गंज म्हणजे काय? लोखंडाचा प्राणवायूशी झालेला संसार. तो बळाने मोडत नाही. त्यांच्यात तिसरं कुणीतरी घालावं लागतं. व्हिनेगर आहे का?”

व्हिनेगर प्रोफेसरांच्याच घरी निघालं. ते कापसावर घेऊन बोल्टाला थापण्यात आलं. कापूस राहीना, म्हणून वर चिकटपट्टी. आरशात बोल्ट आता दाढ दुखणाऱ्या माणसासारखा दिसू लागला. उतारावर आंबट वास पसरला. वर खिडक्या उघडल्या, पुन्हा लागल्या. बऱ्याच वेळाने चिकटपट्टी काढली. बोल्ट स्वच्छ झाला होता, चमकत होता. पण हलत नव्हता.

“आता उष्णता,” प्रोफेसर जराही न डगमगता म्हणाले. “तापलं की लोखंड फुगतं. थंड झालं की आकसतं. या फुगण्या-आकसण्यात ते बेसावध होतं.”

“आग चालणार नाही!” सेक्रेटरी ओरडले. “नियम आहे.” मग जरा घुटमळून हळूच म्हणाले, “माझ्याकडे केस वाळवायचं यंत्र आहे.”

सेक्रेटरींच्या डोक्याकडे पाहता हे यंत्र त्यांच्या घरी कशासाठी असावं, हा प्रश्न दोघांनाही पडला. पण सत्काराचा दिवस होता. कुणी विचारलं नाही.

यंत्र आलं. वायर पुरेना. तिला प्रोफेसरांची वायर जोडली, तिला डॉक्टरांच्या दुकानातली, आणि ती नेऊन खोचली लिफ्टच्या खोलीतल्या प्लगपॉइंटमध्ये. सेक्रेटरींनी यंत्र गाडीखाली धरलं. ते घोंगावू लागलं. बोल्टाला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी इतक्या मायेने ऊब देत होतं. “आणखी गरम करा,” प्रोफेसर म्हणाले. सेक्रेटरींनी बटण पुढे सरकवलं.

फट् असा आवाज झाला. यंत्र थांबलं. जिन्यातला दिवा गेला. आणि वर कुठेतरी, दोन मजल्यांच्या मध्ये, लिफ्टही थांबली.

“कोण आहे रे तिकडे?” लिफ्टमधून खणखणीत आवाज आला.

सेक्रेटरींचा चेहरा पांढरा पडला. “सासूबाई!” ते पुटपुटले.

सेक्रेटरींच्या सासूबाई त्यांच्याकडेच राहत. इमारतीतल्या कुणालाच न घाबरणारे सेक्रेटरी घरी गेले की एकदम अर्धे होत, ते यांच्यामुळे.

“जावईबापू,” लिफ्टमधून आवाज आला, “मी अडकलेय की तुम्ही मला अडकवलंय, तेवढं सांगा. त्यावर मी किती ओरडायचं ते ठरेल.”

यानंतरचा बराच वेळ फ्यूज बसवण्यात गेला. तो मात्र डॉक्टरांनी एकट्याने बसवला, अगदी हलक्या हाताने, चष्म्याच्या बारीक स्क्रू-ड्रायव्हरने. आणि लिफ्ट खाली आली तेव्हा त्यांच्या मनाला जरा उभारी वाटली. पण ती दाखवायला कुणी नव्हतं, कारण सासूबाई लिफ्टमधून बाहेर पडल्या त्या थेट उताराच्या दिशेनेच निघाल्या.

“एवढं काय काढताय ते बघू तरी,” त्या म्हणाल्या. एका हाताने गाडीचं बॉनेट धरून वाकल्या, आरशात डोकावल्या. त्यांच्या नाकावरचा चष्मा डॉक्टरांच्याच दुकानातला होता आणि दुर्दैवाने अचूक नंबरचा होता. “कुठल्या बाजूला फिरवताय?”

“डावीकडे,” तिघेही एकदम म्हणाले.

“कुणाच्या डावीकडे?”

“कुणाच्या म्हणजे?” सेक्रेटरींनी विचारलं.

“बोल्टाच्या, की आरशातल्या बोल्टाच्या?”

 डॉक्टरांनी आरशाकडे पाहिलं. आपला उजवा हात वर केला. आरशातल्या माणसाने डावा केला. हे दृश्य त्यांनी आयुष्यभर रोज पाहिलं होतं. गिऱ्हाइकांना समजावूनही सांगितलं होतं. “आरशात डावं-उजवं उलटं दिसतं बरं का,” हे वाक्य त्यांनी इतक्यांदा उच्चारलं होतं की त्याच्यावर विचार करायची वेळ कधी आलीच नव्हती. थोडक्यात, एक चष्मेवाला, एक हिशेबनीस आणि एक शास्त्रज्ञ अशी तीन सुशिक्षित माणसं सकाळपासून तो बोल्ट जीव तोडून घट्ट करत होती.

डॉक्टर उठून बसले. कोपराला लागलेली धूळ त्यांनी सावकाश झटकली.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “अडकलेला बोल्ट आधी थोडा घट्टच करायचा असतो. त्याने गंज तुटतो. हे शास्त्र आहे. हो ना, प्रोफेसर?”

“आहे,” प्रोफेसर घाईघाईने म्हणाले. “थोडा.”

“तो भाग पूर्ण झाला. आता सोडवायला घेऊ.”

हे ते इतक्या थंडपणे म्हणाले की सासूबाईंनीसुद्धा क्षणभर त्यांच्याकडे आदराने पाहिलं.

आता दिशा बरोबर होती, पण बोल्ट पहिल्यासारखा राहिला नव्हता. आधी तो नुसता अडकलेला होता. आता तो चिडलेला होता. पाना छोटा पडतोय, त्याला लांब दांडा हवा, असं ठरलं. प्रोफेसरांनी दिवाणखान्याच्या पडद्याचा पाइप आणला. तो पान्यावर चढवून जोर लावताच इतका सहज वाकला की त्यात काही वाद उरला नाही. प्रोफेसर तो वाकडा पाइप हातात धरून बराच वेळ आपल्या खिडकीकडे बघत राहिले.

“मैदानात बॅडमिंटनच्या जाळ्याचा खांब आहे,” डॉक्टर म्हणाले. “लोखंडी. पोकळ.”

“त्याला हात लावायचा तर कमिटीची मीटिंग लागते,” सेक्रेटरी म्हणाले.

“कमिटीत कोण कोण आहे?” सासूबाईंनी विचारलं.

“मी, आणि...” सेक्रेटरी थांबले. बाकीचे दोन सभासद गेल्या वर्षीच घर विकून गेले होते.

“मग झाली की मीटिंग. आणा खांब.”

खांब आला. पान्याच्या शेपटावर चढवला तर गाडीच्या बाजूने पुरुषभर बाहेर येत होता. डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र शहाणपणाची केली: सगळ्यांना गाडीखालून आणि गाडीमागून बाजूला व्हायला लावलं. मग तिघं खांबाला भिडले. “एक, दोन...” डॉक्टर म्हणाले. आणि तीनला तिघांनी एकदम हिसका दिला.

काहीतरी नक्कीच सुटलं. पण तो बोल्ट नव्हता. हिसक्याबरोबर पाना बोल्टावरून निसटला, तिघंही खांबासकट मागे बसले, आणि गाडी विटांवरून धप्पकन खाली उतरली. हँडब्रेक होता, पण तो घरातल्या जावयासारखा: मानाने बसलेला, कामाला हात न लावणारा. मागचा दगड चाकाने अलगद बाजूला केला. आणि गाडी अगदी सावकाश, जणू काही विचार करत, उतारावरून मागे निघाली.

“धरा! धरा!” प्रोफेसर ओरडले. कुणी धरायला गेलं नाही, ते बरं झालं. गाडी फाटकापर्यंत गेली, मागचा बंपर फाटकाला टेकवून उभी राहिली, आणि तिने हुश्श केल्यासारखा एक कर्र आवाज काढला.

फाटक आत उघडणारं होतं.

डॉक्टर लगबगीने गाडीपाशी गेले आणि पुढच्या चाकामागे दोन विटा लावून त्यांनी वाकून पाहिलं. बंपर शाबूत होता. बोल्टही होता तिथेच, शाबूत. फाटकालाही काही झालं नव्हतं. फक्त आता ते उघडणार नव्हतं. गाडी चढावर ढकलायची तर चारही जणांची वयं बेरजेला मोठी आणि जोराला छोटी. गाडी चालू करून पुढे घ्यायची तर किल्ली लेकीच्या जुडग्यात. आणि फोन करून पाहिला तर तिचा फोन घरात, चार्जिंगला.

“माझा सत्कार!” सेक्रेटरी म्हणाले. संध्याकाळ होत आली होती. त्यांनी घड्याळ पाहिलं, फाटक पाहिलं, डॉक्टरांना पाहिलं. “आता लगेच निघायला हवं मला. शाल आणलीय त्यांनी. अध्यक्ष आलेत.”

“चढा की मग,” सासूबाई म्हणाल्या.

“फाटकावर?”

“सत्काराला चाललाय ना? उंची गाठल्याशिवाय कुणी सत्कार करतं का?”

तेव्हा सेक्रेटरी वर जाऊन सत्काराचा पांढराशुभ्र पोशाख चढवून आले. डॉक्टरांनी गाडीच्या डिकीवर घरून आणलेली चादर अंथरली. प्रोफेसरांनी खांदा दिला. सेक्रेटरी डिकीवर चढले, एक पाय फाटकावरून पलीकडे टाकला, आणि मग, आयुष्यात बऱ्याच जणांचं होतं तसं, त्यांचं झालं. इकडचा पाय वर येईना, तिकडचा खाली पोचेना. ते फाटकावर स्वार होऊन बसून राहिले.

नेमकी तेव्हाच लेक आली. दोन्ही हातांत पिशव्या, काखेत एक नवी बादली. फाटकाबाहेर उभी राहून तिने सगळं चित्र एकदा डावीकडून उजवीकडे पाहून घेतलं. फाटकावर पांढऱ्या कपड्यातले काका. गजांमागे, तुरुंगातल्या कैद्यासारखा, धुळीने माखलेला आपला बाप. मागे वाकडा पाइप घेतलेले प्रोफेसर. आणि खुर्ची मागवून बसलेल्या सासूबाई.

“काका,” तिने आधी सेक्रेटरींना विचारलं, “तुम्ही आत शिरताय की बाहेर पडताय?”

“छकुली,” डॉक्टर गजांमागून धीरगंभीर आवाजात म्हणाले, “किल्ली दे. बाकीचं सविस्तर सांगतो.”

सविस्तर सांगायची गरज पडली नाही. सासूबाईंनी थोडक्यात सांगितलं. लेकीने आधी सेक्रेटरींचा बाहेरचा पाय आपल्या उलट्या ठेवलेल्या बादलीवर टेकवून त्यांना उतरवून घेतलं. सत्काराला निघालेले सेक्रेटरी मागे वळून न बघता, जवळजवळ पळतच गेले. मग तिने गजांतून किल्ली दिली. डॉक्टरांनी गाडी चालू केली, इंजिन बऱ्यापैकी तापेपर्यंत तसंच गुरगुरत ठेवलं, कारण अशी संधी पुन्हा मिळेल न मिळेल, आणि मग डौलात उतारावरून वर, सपाट जागी नेऊन उभी केली. फाटक उघडलं.

आत येऊन लेकीने पिशव्या ठेवल्या. “बाबा, चला गॅरेजला. अजून उघडं असेल.”

डॉक्टर पान्यांच्या पेटीकडे बघत राहिले.  पेटीत पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने झोपलेले होते, फक्त एका जागेवर खळगा होता. लेकीने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. जनावरांना बोलता येत नाही, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांना चेहरे वाचायची सवय लागते.

“बरं,” ती म्हणाली. “जॅक लावा. पण या वेळी चाकांना चारही बाजूंनी विटा. आणि आरसा दुकानात ठेवून या.”

ती सडपातळ होती. पटकन गाडीखाली गेली, पाना नीट बसवला, खांब चढवला आणि बाहेर येऊन म्हणाली, “हिसके दिलेत ना तुम्ही?”

“जोरदार,” प्रोफेसर अभिमानाने म्हणाले.

“गाय अडली ना, की लोक हेच करतात. घाबरून वासराला हिसके देतात. मग दोघांचंही नुकसान. ओढायचं ते सलग. ताण धरायचा, धरून ठेवायचा. ती दम घेईल तेव्हा आपणही घ्यायचा. पण सोडायचं नाही.” तिने खांबाचं टोक बापाच्या हातात दिलं. “तुम्ही धरा, बाबा. तुमचा हात हलका आहे.”

डॉक्टरांनी खांब धरला. मागे बायको येऊन उभी राहिली होती, ते त्यांना तिच्या लाल पेनाच्या टक् टक् आवाजावरून कळलं. त्यांनी ताण दिला. खांब किंचित लवला. “धरून ठेवा,” लेक म्हणाली. त्यांनी धरून ठेवला. दम घेतला. पुन्हा ताण. इंजिन अजून गरम होतं, व्हिनेगर कुठेतरी मुरलेलं होतं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच कुणी त्या बोल्टावर ओरडत नव्हतं.

आतून ‘कट्’ असा आवाज आला. बारीक, कोरडा. चष्म्याचा जुना स्क्रू सुटताना येतो अगदी तसा. डॉक्टरांच्या हाताला तो खांबातून, पान्यातून, थेट कळला.

“सुटला,” ते म्हणाले. ओरडले नाहीत. मोठमोठ्या शस्त्रक्रिया झाल्यावर माणसं ओरडत नाहीत.

ओरडायची वेळ नंतर आली. बोल्टाचे शेवटचे आटे हाताने सोडवायचा मान त्यांनी स्वतःकडे घेतला. गाडी आता चांगली उंच होती, ते पोटासकट खाली गेले. दोन बोटांनी, नाजूकपणे फिरवत राहिले. आणि बोल्ट हातात आला त्याबरोबर काळं, कोमट तेल खाली धरायला आणलेल्या परातीऐवजी त्यांच्या बाहीत शिरलं आणि कोपरावरून थेट काखेत गेलं.

“बाबा! हात काढा!”

“बोल्ट माझ्या हातात आहे!” गाडीखालून विजयी आवाज आला. “परात सरकवा! बोल्ट सोडणार नाही!”

परात सरकली. उरलेलं तेल तिच्यात पडलं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांची डावी बाजू कोळशाच्या खाणीत काम करून आल्यासारखी होती आणि उजवी बाजू दुकानदाराची. मुठीत बोल्ट होता. तो त्यांनी आधी बायकोला दाखवला.

“एवढासा?” ती म्हणाली.

“दिसतो एवढासा,” डॉक्टर म्हणाले.

तो पुसून, फुंकर मारून त्यांनी परत बसवला. आधी बोटांनी, मग पान्याने. पाना टेकला. त्यांनी थोडा जोर दिला. बसला. आता थांबायला हरकत नव्हती. पण उद्याचा रस्ता लांबचा होता, त्यात घाट होते, आणि गाडीत एकटीच मुलगी. त्यांनी आणखी जोर द्यायला पाना पुन्हा धरला.

“बाबा, फार घट्ट नका करू,” लेक शेजारी वाकून म्हणाली.

“सैल राहिला तर?”

“नाही राहणार. पुढच्या वेळी मलाच काढायचाय तो. तिथे खांब धरायला तुम्ही नसणार.”

गाडीखालून पाना बाजूला ठेवल्याचा आवाज आला. 

रविवारी सकाळी लेक गेली, बापाने स्वतः ओतलेलं नवं तेल गाडीत घेऊन. फाटक पूर्ण उघडं होतं. सेक्रेटरी स्वतः ते धरून उभे होते. आदल्या संध्याकाळी सत्काराला ते उशिरा पोचले होते, पण कपड्यांवरची गंजाची रेघ पाहून अध्यक्षांनी ‘कामातून वेळ काढून आलेले’ असा त्यांचा उल्लेख केला होता, त्यामुळे ते खुशीत होते. प्रोफेसरांनी प्रवासात गाडी तापली तर काय करावं हे सांगायला सुरुवात केली. ते संपायच्या आत गाडी कोपऱ्यावरून वळलीसुद्धा.

डॉक्टर दुपारपर्यंत दुकानात गेले नाहीत. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिले. बायको शेजारी बसली. तिने पेपर आणले नव्हते. फोन वाजला तेव्हा तिनेच तो त्यांच्या हातात दिला.

“बाबा,” मागे मोठ्या गाड्यांचे आवाज येत होते. “अर्ध्या वाटेत आलेय. चहाला थांबले होते. गाडीखाली वाकून पाहिलं.”

“आणि?”

“एक थेंब नाही. कोरडं ठणठणीत.”

“असणारच,” डॉक्टर म्हणाले. “नीट जा.”

त्यांनी फोन ठेवला. बराच वेळ रिकाम्या उताराकडे बघत बसले. मग चष्मा काढून डोळे पुसले, एकदा, पुन्हा एकदा.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

“काही नाही. डोळ्यात तेल गेलंय.”

“तेल काल होतं.”

“काही काही तेल उशिरा चढतं,” डॉक्टर ठामपणे म्हणाले आणि चष्मा परत लावला. “यातलं तुला कळायचं नाही. डोळ्यांचा डॉक्टर मी आहे.”